माप ज्याच्या हाती

३१ मार्च २०२५ रोजी यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची पद्धत बदलली. तोवर असा व्हिडिओ काही सेकंद तरी पाहिला गेला, तरच त्याची नोंद होत असे. त्या दिवसापासून व्हिडिओ सुरू झाला की एक व्ह्यू, पुन्हा सुरू झाला की आणखी एक. जगभरच्या शॉर्ट्सचे आकडे फुगले. प्रेक्षक वाढले नव्हते, त्यांचा वेळही वाढला नव्हता. पैसे मात्र जुन्याच, कडक मोजणीवर दिले जात राहिले. त्या मोजणीला आता ‘एंगेज्ड व्ह्यूज’ म्हणतात. मिरवायचा आकडा निराळा झाला आणि हिशेबाचा निराळा.

ऑनलाइन व्हिडिओच्या धंद्याबद्दल आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच सूर ऐकू येतात. एक घरबसल्या लाखो कमावण्याचा, दुसरा रील्सनी पिढी बिघडवल्याचा. पैसा कुठून येतो, कोणत्या हिशेबाने वाटला जातो आणि त्या हिशेबाने व्हिडिओचं रूप कसं बदलतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला या साऱ्या पसाऱ्यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘पाहिलं’ कशाला म्हणायचं हे ठरवणारा, जाहिरातदाराकडून पैसे घेणारा आणि बनवणाऱ्याला ते वाटणारा, हे तिघंही इथे एकच आहेत. गेल्या वीस वर्षांत जे घडलं आणि पुढे जे घडेल, ते या एका गोष्टीभोवती फिरतं.

यूट्यूबचा जन्म २००५चा. त्यावरचा पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा, सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६मध्ये, गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. सर्व्हरचा खर्च अफाट, उत्पन्न जवळपास नाही, आणि लोक दुसऱ्यांच्या मालिका, गाणी, सामने बिनदिक्कत चढवत होते. मार्च २००७मध्ये व्हायाकॉमने १०० कोटी डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. तो २०१४मध्ये तडजोडीने मिटला. पण धंद्याचा पाया त्या २००७ सालातच घातला गेला होता. ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आली. चोरलेला तुकडा ती ओळखू लागली आणि मूळ मालकाला मुख्यतः दोन वाटा मिळाल्या: तो व्हिडिओ काढून टाकायचा, किंवा राहू देऊन त्यावरच्या जाहिरातीचे पैसे स्वतः घ्यायचे. अनेक मालकांनी दुसरी वाट धरली. त्याच वर्षी सामान्य निर्मात्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देणारा कार्यक्रमही सुरू झाला. लांब व्हिडिओंसाठी तो वाटा आज ५५ टक्के आहे. उरलेले ४५ टक्के यूट्यूबचे.

डिसेंबर २०१०मध्ये आलेली पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात मला या इतिहासातली सगळ्यात हुशार कल्पना वाटते. प्रेक्षकाने ‘स्किप’ दाबलं तर जाहिरातदाराला पैसे पडत नाहीत. त्याने तीस सेकंद पाहिली, किंवा जाहिरात त्याहून छोटी असेल तर शेवटपर्यंत पाहिली, किंवा तिच्यावर क्लिक केलं, तरच पडतात. टीव्हीवर जाहिरात लागली की लोक चहा टाकायला उठतात, आणि त्या रिकाम्या खोलीचेही पैसे जाहिरातदार भरत असतो. इथे त्याला वाटलं, आपण फक्त खऱ्या प्रेक्षकाचे पैसे देतोय. जाहिरात लिहिणाऱ्यांचंही काम बदललं; पहिल्या पाच सेकंदांत माणूस धरला नाही तर पुढचं सगळं वाया.

मापाने रूप कसं बदलतं याची दुसरी खूण २०१२ची. तोपर्यंत यूट्यूब व्हिडिओ सुचवताना क्लिक किती झाल्या ते पाहत असे. त्यामुळे भडक थंबनेल लावून आत काहीही भरणाऱ्यांचं फावत होतं. २०१२मध्ये क्लिकऐवजी प्रेक्षकाने घालवलेला वेळ, म्हणजे वॉच टाइम, मोलाचा ठरला. व्हिडिओ लांबू लागले. लांब व्हिडिओच्या मध्येही जाहिरात लावता येते. त्यासाठी किमान दहा मिनिटांची अट होती, ती जुलै २०२०मध्ये आठ मिनिटांवर आली. चार मिनिटांत होणारी कोशिंबीर आठ मिनिटांची का होते, आणि भाजीला फोडणी पडण्याआधी बाईंचं इतकं बोलणं का होतं, याचं उत्तर बरंचसं या अटीत आहे. दोष बाईंचा नाही. मोजपट्टी जशी असेल तसंच कापड विणलं जाणार.

स्वतःचं माप स्वतःच घेतलं की काय होतं, हे फेसबुकने दाखवून दिलं. २०१६च्या सप्टेंबरात कंपनीने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा जाहिरातदारांना दिलेला आकडा दोन वर्षं फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत पुढे सरकलेल्या लोकांना हिशेबातून वगळूनच सरासरी काढली जात होती. जाहिरात संस्थांना सांगितलं गेलं की फुगवटा साठ ते ऐंशी टक्के असू शकतो. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९मध्ये चार कोटी डॉलरवर तो मिटला. तेवढ्या काळात अमेरिकेतल्या अनेक वृत्तसंस्थांनी ‘आता व्हिडिओचाच जमाना’ म्हणत लिहिणाऱ्या पत्रकारांना घरी पाठवून व्हिडिओचे विभाग थाटले होते. ती नोकरकपात काही एकट्या या आकड्यामुळे झाली नाही, पण त्या आकड्याने तिला बळ दिलं. गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत.

इथे टीव्हीशी तुलना करायला हवी. आपल्याकडे टीव्हीचं मोजमाप ‘बार्क’ ही मुंबईतली संस्था करते. तिच्यात वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था अशा तिघांची भागीदारी आहे. ती निर्दोष आहे असं कुणी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढलं आणि वृत्तवाहिन्यांचं रेटिंग पुढे २०२२च्या मार्चपर्यंत बंद राहिलं. तरीही तिथे घोटाळा घोटाळा म्हणून ओळखता आला, कारण विकणारा आणि मोजणारा निदान कागदावर तरी वेगळे होते. ऑनलाइन व्हिडिओत अशी सर्वांची मिळून संस्था आपल्याकडे नाही. प्रत्येक मंच आपला आकडा आपणच सांगतो.

भारतात या धंद्याला खरं उधाण ५ सप्टेंबर २०१६पासून आलं. जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ पाहताना पॅक संपण्याची धास्ती गेली. त्याआधी फेब्रुवारी २०१५मध्ये स्टारने हॉटस्टार आणलं होतं. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६मध्ये आले. मग टिकटॉक गावोगाव पोचलं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा टिकटॉकचे भारतातले वापरकर्ते वीस कोटींच्या घरात होते. रातोरात एक अख्खा मंच नाहीसा झाला आणि ज्यांचे लाखो चाहते होते ते शून्यावर आले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी इथेच सुरू केली. टिकटॉकवर नाव कमावलेले कित्येक जण त्या नव्या घरांत रुळले नाहीत. आपला प्रेक्षक आपल्या मालकीचा नसतो, हे त्यांना फार महागात कळलं.

मोठा पैसा अर्थातच क्रिकेटचा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क २०२२च्या लिलावात विकले गेले. देशातल्या टीव्हीचे २३,५७५ कोटी रुपयांना गेले. डिजिटलचे मुख्य हक्क २०,५०० कोटींना, आणि निवडक सामन्यांचे वेगळे सव्वातीन हजार कोटींहून अधिक रकमेला. हे दोन्ही व्हायाकॉम१८ने घेतले. म्हणजे मोबाइलवरचं क्रिकेट टीव्हीवरच्या क्रिकेटपेक्षा थोडं का होईना महाग ठरलं. २०२३मध्ये त्याच कंपनीच्या जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवली, जाहिरातींच्या भरवशावर. त्याच वर्षी हॉटस्टारने विश्वचषक मोबाइलवर फुकट दिला आणि अहमदाबादच्या अंतिम सामन्याला एकाच वेळी ५.९ कोटी लोक हजर होते. दोन श्रीमंत कंपन्यांनी एकमेकींना फुकटाने दमवलं, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये दोन्ही एकाच छपराखाली आल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं आणि आयपीएलला वर्गणी, नाहीतर ठरावीक रिचार्ज लागू लागला. स्पर्धा संपली की फुकट संपतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही.

क्रिकेटच्या या जाहिरातींत फँटसी गेमच्या कंपन्यांचा वाटा मोठा होता. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा केला आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम११चं नाव गेलं. मला हा कायदा योग्य वाटतो. या खेळांपायी कर्जात बुडालेल्या मुलांच्या बातम्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येत होत्या. पण त्यामुळे व्हिडिओच्या जाहिरात बाजारात मोठी पोकळी पडली, आणि एखाद्याच प्रकारच्या जाहिरातदारावर विसंबणं किती धोक्याचं ते दिसलं.

वर्गणी की जाहिरात, हा वाद दहा वर्षं चालला. नेटफ्लिक्स जाहिरातीला ठाम नकार देत होतं. २०२२च्या पहिल्या तिमाहीत त्याचे दोन लाख ग्राहक घटले आणि त्याच नोव्हेंबरात काही देशांत जाहिरातींची स्वस्त योजना आली. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५पासून भारतात जाहिराती सुरू केल्या. नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे ठेवले. आधी वर्गणी भरायची आणि वर जाहिरातही पाहायची, हे केबलच्या काळातलं दुखणं होतं. ते टाळायला लोक इकडे आले होते. वाद मिटला तो असा: ज्याला परवडेल त्याने शांतता विकत घ्यावी, बाकीच्यांनी जाहिराती सोसाव्यात. जाहिरातदाराला हवा असतो खिसा असलेला ग्राहक, आणि तोच पैसे देऊन जाहिरातींपासून सुटतो. हा पेच पुढे वाढत जाणार आहे.

आता मराठीकडे, पण आधी देशभरचा हिशेब. मे २०२५मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की गेल्या तीन वर्षांत कंपनीने भारतातले निर्माते, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना २१,००० कोटी रुपये दिले. त्याच भाषणात आणखी एक आकडा होता: एका वर्षात भारतातल्या दहा कोटींहून अधिक चॅनलनी काहीतरी चढवलं, आणि त्यांतल्या १५,००० चॅनलचे सबस्क्रायबर दहा लाखांच्या वर आहेत. हे आकडे शेजारी मांडून भागाकार केला तर चॅनलमागे वर्षाला सरासरी सातशे रुपये पडतात. सरासरी फसवी असते हे मान्य. बहुतेक चॅनल जाहिरातीच्या वाट्यासाठी लागणारी हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास पाहिलं जाण्यासारखी अटच पुरी करत नाहीत, आणि बराच पैसा संगीत कंपन्यांकडे व वाहिन्यांकडे जातो. तरी ‘चॅनल काढ आणि कमव’ म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा. दुसऱ्या बाजूला २०२४मध्ये यूट्यूबचं जगभरचं जाहिरातीचं उत्पन्न ३,६०० कोटी डॉलरवर, म्हणजे सुमारे तीन लाख कोटी रुपयांवर गेलं. फिक्की आणि ईवायच्या अहवालानुसार त्याच वर्षी भारताचा संपूर्ण माध्यम व मनोरंजन उद्योग अडीच लाख कोटींचा होता, आणि त्यात डिजिटलने टीव्हीला पहिल्यांदाच मागे टाकलं.

मराठीत प्रेक्षक कमी नाहीत. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते. हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. गुणही कमी नाहीत. ‘भाडिपा’ने २०१६पासून पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची भाषा पडद्यावर आणली. ‘गावाकडच्या गोष्टी’ने साताऱ्याकडचं गाव कुठल्याही वाहिनीच्या आधाराशिवाय उभं केलं. ‘मधुराज रेसिपी’ने परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलांना वरणफळं शिकवली. नगरजवळच्या सारोळा कासार गावातल्या ‘आपली आजी’ला देशभर प्रेक्षक मिळाला. मराठी मालिकेला फुकट, जाहिरातींवर चालणाऱ्या मंचावर केवढा मोठा प्रेक्षक मिळू शकतो, हे २०२०मध्ये एमएक्स प्लेअरवर आलेल्या, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरच्या ‘समांतर’ने दाखवलं.

कमी आहे तो दर. यूट्यूबवरच्या जाहिरातीचा भाव लिलावात ठरतो. प्रत्येक वेळी व्हिडिओ सुरू होताना त्या प्रेक्षकासाठी बोली लागते, डोळ्यांचं पातं लवायच्या आत. बोली लावणारे जास्त तर भाव जास्त. मराठी व्हिडिओवर मुद्दाम बोली लावणारे कमी, कारण मोठ्या कंपनीच्या मुंबईतल्याच कचेरीत बसलेला माणूस असा विचार करतो की महाराष्ट्रातला प्रेक्षक हिंदी व्हिडिओवरही सापडतो, मग मराठी जाहिरात वेगळी का काढा? तो चुकतो असं मला वाटतं. हिंदी व्हिडिओ बघणारा माणूस आणि मराठीत कांद्याच्या साठवणुकीचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारा शेतकरी, दोघं एकाच जिल्ह्यातले असले तरी खरेदीच्या दृष्टीने फार वेगळे. पण लिलावाच्या यंत्राला हा फरक कुणी शिकवत नाही तोवर भाव वाढणार नाही. तोच व्हिडिओ न्यू जर्सीत किंवा दुबईत पाहिला गेला तर जास्त पैसे येतात, म्हणून अनेक चॅनल परदेशस्थ मराठी माणसाच्या आठवणींना हात घालणारे विषय निवडतात. मापाने विषयही निवडले जातात ते असे.

शॉर्ट्सचं उत्पन्न तर आणखी पातळ. फेब्रुवारी २०२३पासून शॉर्ट्सच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींचे पैसे एका सामायिक खात्यात जमतात, त्यातून गाण्याच्या हक्कांचा भाग निघतो आणि उरलेल्यातून व्ह्यूजच्या प्रमाणात ठरलेल्या रकमेचे ४५ टक्के निर्मात्याला मिळतात. कुठली जाहिरात कुणामुळे पाहिली गेली, याचा इथे संबंधच राहत नाही.

म्हणून जाणते मराठी निर्माते फक्त यूट्यूबच्या पैशावर जगत नाहीत. कुणी तिकीट लावून स्टँडअपचे प्रयोग करतं, कुणी मसाले विकतं. बहुतेक जण ब्रँड डील घेतात, म्हणजे व्हिडिओतच दूध संघाचं तूप, क्लास किंवा सराफाचं दुकान येतं. हा पैसा लिलावातून येत नाही, थेट येतो, आणि त्याचं मोल म्हणूनच जास्त. इथे मात्र मला काळजी वाटते. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये नियम केले की पैसे घेतले असतील तर ते ठळकपणे सांगितलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शहरातल्या मोठ्या चेहऱ्यांनी हे पाळायला सुरुवात केली आहे. शेतीच्या व्हिडिओत टॉनिक आणि कीटकनाशकांची जी भलामण चालते तिथे अजून अशी पाटी क्वचितच दिसते. पाहणारा ती फवारणी आपल्या द्राक्षांवर करतो. चुकीची क्रीम लावण्यापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं आहे, आणि या नियमांची पहिली कडक अंमलबजावणी तिथेच व्हायला हवी.

एक बदल मात्र मराठीच्या बाजूचा आहे. व्हिडिओ मोबाइलवरून पुन्हा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर येतोय. अमेरिकेत नील्सनच्या मोजणीनुसार मे २०२५मध्ये टीव्हीच्या पडद्यावरच्या एकूण वेळेपैकी ४४.८ टक्के स्ट्रीमिंगने घेतला, केबल आणि प्रक्षेपण दोन्ही मिळून होतात त्याहून जास्त. एकट्या यूट्यूबचा वाटा १२.५ टक्के. आपल्याकडेही स्मार्ट टीव्ही स्वस्त झाले आहेत. हातातल्या फोनवर माणूस एकटा असतो आणि अंगठा सतत हलता असतो. भिंतीवरच्या पडद्यासमोर घर बसतं, जेवताना पाहतं, लवकर बदलत नाही. तासाभराची मुलाखत, कीर्तन, जुनं नाटक, गावातल्या कुस्तीचं थेट प्रक्षेपण यांना तो पडदा मानवतो, आणि मराठीचं बळ अशा लांब, निवांत गोष्टींतच आहे. जाहिरातदारही त्या पडद्याला जास्त पैसे देतो.

यंत्राने बनवलेल्या व्हिडिओंचा लोंढा मात्र सगळ्यांवरच येणार. यूट्यूबने जुलै २०२५मध्ये घाऊक, साचेबंद व्हिडिओंना पैसे न देण्याचा नियम स्पष्ट केला, आणि त्याच वेळी गूगलचीच ‘व्हिओ’सारखी साधनं असे व्हिडिओ मिनिटांत बनवून देतात. हिंदीसह काही भाषांत आपोआप डबिंगही आलं आहे. उद्या अमेरिकेतला लोकप्रिय माणूस अस्खलित मराठीत बोलू लागेल आणि मराठी निर्मात्याच्या प्रेक्षकाचा वेळ मागेल. त्याच्या तोंडी आलेली मराठी कुठल्या गावची असेल? बहुधा कुठल्याच नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या निर्मात्यांना तोवर आपली जागा पक्की करायची संधी आहे, कारण बोलीचा लहेजा यंत्राला सर्वांत शेवटी जमेल.

मराठीच्या कमी दरावर मला एक जुना उपाय सुचवावासा वाटतो. मराठी वृत्तपत्रं जिल्हा आवृत्त्यांवर वाढली, आणि त्या आवृत्त्या तालुक्याच्या जाहिरात प्रतिनिधींवर उभ्या राहिल्या. दिवाळीला सराफाकडे, जूनमध्ये बियाण्यांच्या दुकानात, निकालानंतर क्लासवाल्यांकडे जाणारा तो माणूस बाजार ओळखत होता. ऑनलाइन व्हिडिओत तसा माणूस नाही. प्रत्येक निर्माता एकटा लिलावात उभा आहे, नाहीतर एकटाच सराफाच्या दारात. सांगली, जळगाव किंवा सिंधुदुर्गातल्या पंधरा-वीस चॅनलनी मिळून एक जाहिरात प्रतिनिधी नेमला, दर एकत्र ठरवले, तर भाव मागायची ताकद येईल. सहकार आपल्याला शिकवावा लागत नाही. आणि त्या प्रतिनिधीने दुकानदारासमोर ठेवायचा कागद मंचाने फुगवलेल्या व्ह्यूजचा नसावा. तुमच्या जिल्ह्यातल्या किती लोकांनी हा व्हिडिओ निदान अर्धा पाहिला, त्यातले किती टीव्हीवर, किती परत आले, एवढी चार ओळींची माहिती प्रत्येक चॅनलच्या ॲनालिटिक्सवरून बऱ्याच अंशी काढता येते. दर महिन्याला ती एकाच नमुन्यात मांडावी, सगळ्या चॅनलनी एकमेकांची तपासावी आणि मगच बिल पाठवावं. मोठ्या मंचांनी बार्कसारख्या सामायिक संस्थेकडून मोजून घ्यावं, ही मागणी दिल्लीत आणि मुंबईत लावून धरायला लागेल आणि तिला वर्षं जातील. जिल्ह्याचा कागद येत्या दिवाळीच्या जाहिरातींपासून सुरू करता येतो.